गाडीत बसायचं कसं?



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरहून गाडीनं रत्नागिरीला निघालो होतो. माझी नऊ वर्षांची भाची मागं पट्टा लावून बसली होती खरी. पण मलकापूर येईपर्यंत बाईसाहेब घसरत घसरत जवळजवळ आडव्या झाल्या! आंबा घाटात अचानक म्हैस समोर आली. करकचून ब्रेक लागला आणि पट्टा तिच्या पोटात रुतला. थोडक्यात निभावलं.

चूक पट्ट्याची नव्हती हं, बसण्याची होती. पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडांवर हवा. हाडं धक्का सोसतात, पोट सोसत नाही. वरचा भाग खांद्यावरून यावा, मानेवरून नको. घसरून बसलं की सगळंच जागा सोडतं.

पाठीचंही तसंच. कमरेपाशी आपल्या कण्याला आत वळलेला बाक असतो. पोक काढून बसलं की तो सपाट होतो, मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब वाढतो आणि पाठ दुखते. म्हणून सीटला पार मागं टेकून बसा. गाडी चालवणाऱ्या बाबांच्या कमरेमागं टॉवेलची छोटी घडी द्या. दर दोन तासांनी सगळ्यांनी उतरून पाय मोकळे करा.

पालकहो, पट्टा मानेला घासत असेल तर मुलांसाठीची उंच बैठक घ्या. १४ वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बाल-आसन नसेल, तर २०१९ च्या कायद्यानुसार १००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीनं नको, मुलांसाठी करा.

आणि मुलांनो, पुढच्या प्रवासात सगळ्यांचे पट्टे तपासायचं काम तुमचं. कराल ना?

तुमच्या बाई