रानाचं वजन

मंडळी, अ‍ॅशबर्न या नावामागे एक दंतकथा सांगतात. शेतातल्या एका अ‍ॅशच्या झाडावर वीज पडली, ते आठवडाभर जळत राहिलं, म्हणून गावाचं नाव अ‍ॅशबर्न! खरंखोटं देव जाणे. पूर्वी गावाला फार्मवेल म्हणत. आता ना फार्म उरलं, ना फारसे अ‍ॅश. २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडलेल्या एका हिरव्या भुंग्याने अमेरिकेतले कोट्यवधी अ‍ॅश पोखरून टाकले, आणि शेतांवर टाउनहाऊसं आणि बिनखिडक्यांची डेटा सेंटरं उभी राहिली. डेटा सेंटरांचं एवढं दाट रान जगात दुसरीकडे कुठे नाही. खरं रान मधल्या फटींतून डोकावतं तेवढंच.

इथल्याच एका वाचक गृहस्थांनी मंडळाच्या कार्यक्रमात आम्हाला बटाटेवड्यांच्या रांगेत गाठलं. त्यांचं सिंधुदुर्गात वडिलोपार्जित सहा एकर उताराचं रान आहे. सात-बारावर पाच नावं. ठेकेदार सगळं रान एकरकमी तोडून न्यायला तयार आहे, नंतर तिथे रबर लावू, असं चुलतभावाचं म्हणणं. यांची तेवढी सही हवी. "उपग्रहावरून जंगलाचं वजन काढतात म्हणे. आमच्या रानाचं किती भरेल ते शोधून काढा की! सही करायच्या आधी कळू दे, आपण काय विकतोय ते."

प्रश्न आम्हाला आवडला. म्हणून या वेळचं सदर त्यावरच.

पहिली गोष्ट ही की, आकाशातून वजन कुणीच करत नाही. उपग्रहाला कळते ती झाडाची उंची, नाहीतर फांद्याखोडांवरून परत आलेला रडारचा प्रतिध्वनी. त्यावरून वजन काढायचं तर जमिनीवरचा हिशेब आधी हवा, आणि तो हिशेब कुणीतरी कधीतरी खरीच झाडं तोडून, भट्टीत वाळवून, तोलून मांडलेला असतो. त्यातून सूत्रं निघाली. खोडाचा व्यास दुप्पट झाला की झाडाचं वजन दुप्पट नव्हे, साधारण पाच-सहापट होतं. म्हणजे रानातली चार म्हातारी झाडं गेली तर किती गेलं, याचा अंदाज करा! वाळलेल्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन. एक टन कार्बन जळला की हवेत ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड जातो.

असा जमिनीवरचा हिशेब आपल्या शेजारीच चालतो. फॉल कलर्स बघायला आपण स्कायलाइन ड्राइव्हला जातो ना, त्या वाटेवरच्या फ्रंट रॉयलला स्मिथसोनियनच्या संस्थेने २००८ साली २५.६ हेक्टर जंगल आखून घेतलं. एक सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक खोडाला नंबर, आणि दर पाच वर्षांनी टेप लावून मोजणी. आपल्याकडे शिरगणती दहा वर्षांनी, इथे झाडांची पाच वर्षांनी!

आता आकाशातलं. आपल्या दुसऱ्या बाजूला, मेरीलँडमध्ये ग्रीनबेल्टला नासाचं गॉडार्ड केंद्र आहे (बेल्टवेवर ट्रॅफिक नसेल तर तासाभरात, ट्रॅफिक कधी नसतो ते कळवावे). तिथे बांधलेलं 'जेडाय' नावाचं उपकरण डिसेंबर २०१८ मध्ये अंतराळ स्थानकावर गेलं. त्याची शास्त्रीय सूत्रं मेरीलँड विद्यापीठाच्या राल्फ डुबाया यांच्याकडे. नाव 'स्टार वॉर्स'वरून सुचलेलं, हे पोरांनी आम्हाला सांगितलं. ते खाली लेसरचे झोत सोडतं. झोताचा काही प्रकाश शेंड्यावरून परत येतो, काही पानांतून वाट काढत जमिनीवरून. तीस मीटर उंच झाड असेल तर दोन्हींत फरक पडतो एका सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागाचा. तेवढा मोजला की उंची कळली. एका झोताचा जमिनीवरचा ठिपका २५ मीटर व्यासाचा, म्हणजे आपल्या भाषेत जवळपास पाच गुंठे.

पण ठिपके सलग नसतात. एका ओळीत दर ६० मीटरवर एक, आणि दोन ओळींत ६०० मीटर अंतर. सहा एकरांवर एका फेरीत एखाद-दुसरा पडला तर पडला, नाहीतर शेजारच्या वाडीत. म्हणून त्यांचा नकाशा एक-एक किलोमीटरच्या चौकोनांचा असतो. एका चौकोनात २४७ एकर! सहा एकरांचा सात-बारा त्यात कुठे शोधणार?

शिवाय कोकणातला उतार. तीस अंशांच्या उतारावर एकाच ठिपक्याच्या वरच्या आणि खालच्या कडेत १४ मीटरचा फरक पडतो. मग झाड कुठे संपलं नि डोंगर कुठे सुरू झाला, हे लेसरला नीट उमगत नाही. सह्याद्री हा शास्त्रज्ञांनाही घाटच आहे.

दुसरी तऱ्हा रडारची. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून 'निसार' गेला. नासा आणि इस्रो यांचा जोडउपग्रह, म्हणजे आपल्यासारखाच दोन्ही देशांचा. रडारला ढगांची आणि रात्रीची अडचण नाही. पावसाळ्याचे चार महिने साधे कॅमेरे कोकणावर नुसते ढग टिपतात, तेव्हा याचं महत्त्व कळतं. त्यावर दोन रडार आहेत. इस्रोच्या रडारची लहर नऊ-दहा सेंटिमीटरची, नासाच्या रडारची २४. लहर जितकी लांब तितकी ती आत शिरते: आखूड लहर पानांत आणि डहाळ्यांत अडकते, लांब लहर जाड फांद्यांपर्यंत आणि खोडापर्यंत पोचते. पण या लांब लहरीलाही हेक्टरी शंभरेक टनांपुढे भेद कळेनासा होतो. दाट सदाहरित रान त्याहून कितीतरी जड. तिथे सगळं सारखंच 'भरपूर' दिसतं.

त्यासाठी युरोपने एप्रिल २०२५ मध्ये 'बायोमास' उपग्रह सोडला, ७० सेंटिमीटरच्या लहरीचा. गंमत अशी की त्याला उत्तर अमेरिका आणि युरोपवर आपलं रडार चालू करायला मनाई आहे. अमेरिकन संरक्षण खात्याच्या रडारांना त्याचा त्रास होतो. म्हणजे अ‍ॅमेझॉनचं जंगल तो मोजेल, अ‍ॅशबर्नचं नाही.

आता त्या सहीकडे वळू. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून उपग्रहचित्रांवरून देशाच्या वनांचा अहवाल काढते. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या साडेसोळा टक्के होतं. पण वन कशाला म्हणायचं? किमान एक हेक्टर जागा आणि दहा टक्क्यांवर झाडांची सावली. मालक कोण, झाड कुठलं, हे बघायचं नाही. म्हणजे काजूची बाग वन, रबराची लागवडही वन. या गृहस्थांनी सही केली, ठेकेदाराने ऐन, किंजळ, जांभूळ साफ केले, आणि काही वर्षांनी रबर वाढलं, तर वनाच्या आकड्यात त्यांचे सहा एकर पुन्हा जसेच्या तसे! वजनात मात्र ते इतक्यात भरून येणार नाहीत. आमच्या मते वजन मोजण्याचा खरा उपयोग इथे आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाला २०१३ साली वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली होती, ती काही आकड्यांत वन कमी दिसलं म्हणून नव्हे.

तेव्हा आम्ही त्यांना सांगितलं, राज्याच्या हिशेबाला उपग्रह, सहा एकरांना टेप. रानात तीन-चार ठिकाणी वीस मीटर बाय वीस मीटरचे चौकोन आखा, म्हणजे चार-चार गुंठे. दोरी जमिनीलगत नको, आडवी ताणा, नाहीतर उतारामुळे माप चुकतं. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्या, चढाच्या बाजूला उभं राहून. वेल असेल तर टेप वेलीखालून. सावरीला बुंध्याशी पाखे असतात, तिथे पाख्यांच्या वर. आणि झाडाचं नाव लिहाच, कारण सावरीचं लाकूड ऐनाच्या निम्म्याच्या आसपास हलकं, आणि कुठलं झाड कुठलं ते वरून दिसत नाही. नावं गावातली जुनी माणसं सांगतील. हे काम ती आहेत तोवर करून घ्यावं.

गृहस्थांनी सही तूर्त लांबवली आहे. डिसेंबरात जाणार आहेत, मुलीलाही नेतायत. चुलतभाऊ फोनवर जरा घुश्शातच होता म्हणे, पण शेवटी म्हणाला, "ये तर खरा. आणि टेप सेंटिमीटरवाला आण, तुमच्याकडचा इंचाचा नको."