फळ्यावरचा भाव आणि कानातला भाव

आम्ही तरुणपणी शेवगाव तालुक्यात निवडणुकीचे काम केले, तेव्हा मतदारयादी कार्यकर्त्यांना तोंडपाठ असे. कोण ऊसतोडीला गेला आहे, कोणत्या म्हातारीला मतदानाला आणावे लागेल, हे त्या यादीवर पेन्सिलीने टिपलेले असे. हे ज्ञान ओळखीतून येई आणि त्याची झेप वस्तीपुरतीच असे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माझ्या मोबाईलवर माझे नाव घेऊन प्रचाराचे संदेश आले, तेव्हा पहिला प्रश्न पडला की हा क्रमांक यांना दिला कोणी? आयोगाच्या यादीत मतदाराचे नाव, वय, वडिलांचे वा पतीचे नाव, घर क्रमांक असतो. दूरध्वनी क्रमांक नसतो आणि जातही नसते. नेमके हेच रकाने भरून देणे हा आता धंदा झाला आहे.

मक्तेदाराला प्रत्येक गिऱ्हाइकाची ऐपत आणि निकड कळली, की तो सर्वांना एक भाव लावीत नाही, हे अर्थशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षे शिकवले. फळ्यावरचा भाव सर्वांना दिसतो, म्हणून त्यावर हुज्जत घालता येते. जाहीर सभेतील आश्वासन हे असे फळ्यावरचे असते. कापूस पिकवणाऱ्याला एक आणि जिनिंगवाल्याला दुसरे, असे एकाच व्यासपीठावरून सांगता येत नाही; श्रोत्यांतला कोणीतरी उठून उभा राहतो. मोबाईलवर एकेकट्याला दिलेल्या आश्वासनाला असा साक्षीदार नसतो.

सत्ताधाऱ्यांच्या हाती तर याहून मोठी यादी असते. लाडकी बहीण योजनेच्या अर्जात आधार, बँक खाते, मोबाईल क्रमांक सारे आले. त्याचा प्रचारात वापर झाला, असा आरोप मी पुराव्यावाचून करणार नाही. गरीब बाईच्या हाती १५०० रुपये पडण्याला तर माझा विरोध मुळीच नाही. परंतु मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागल्यानंतरही ‘विकसित भारत संपर्क’ या नावाने पंतप्रधानांचे पत्र व्हॉट्सॲपवर येत राहिले. अखेर २१ मार्चला आयोगाला ते थांबविण्याचा आदेश द्यावा लागला. संदेश आधीच पाठविले होते, पोहोचण्यास उशीर झाला, असा मंत्रालयाचा खुलासा होता. तो मान्य केला तरी क्रमांक कोणत्या यादीतून घेतले, हा प्रश्न उरतोच.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र राजकीय पक्षांसाठी वेगळा निर्बंध नाही; उलट त्याच कायद्याने माहिती अधिकाराचे एक कलम आकुंचित केले. युरोपीय संघात ऑक्टोबर २०२५ पासून धर्म, वंश वा राजकीय मत यांच्या आधारे मतदार हेरून ऑनलाइन जाहिरात करण्यास मनाई आहे.

काही तरुण साथी म्हणतात, आपणही ते सॉफ्टवेअर घ्यावे. मला हे पटत नाही. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराच्या खर्चाला ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला कोणतीच नाही. या शर्यतीत आपण शेवटचेच राहणार. त्यापेक्षा तालुका शाखेने घरोघर फिरून लोकांना आलेले संदेश गोळा करावेत आणि नावे वगळून चौकातल्या फलकावर लावावेत. एका आळीला दिलेले आश्वासन दुसऱ्या आळीलाही तेथे वाचता येईल.