इवल्या स्थानकाचे दिवे आणि विजेचा विवेक

चिंचवड स्थानकावरून लांब पल्ल्याची गाडी धडधडत जाते, तेव्हा तिच्या माथ्यावरील तारेत 25,000 व्होल्टचा दाब असतो. इंजिन त्या विजेवर धावते. मात्र जुन्या बांधणीच्या अनेक डब्यांतील दिवे आणि पंखे त्या तारेवर चालत नाहीत. डब्याखाली चाकांच्या गतीवर फिरणारे जनित्र त्यांना 110 व्होल्टची वीज पुरवते आणि गाडी उभी असता बॅटरी तिची जागा घेते. ओढण्याची वीज निराळी आणि उजेडाची वीज निराळी, ही शिस्त रेल्वेने फार पूर्वीच पाळली आहे.

हीच शिस्त घरातील खेळण्याच्या रेल्वेलाही लागू पडते. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय 1998 मध्ये खुले झाले. तेथे दालनात अंधार करून गावातील दिवे उजळले, की मुले थक्क होतात. घरी परतल्यावर आजोबांपाशी हट्ट सुरू होतो : आपल्याही स्थानकात दिवे हवेत, देरासराच्या शिखरावर दीप हवा. चिंचवडच्या औद्योगिक परिसरात आयुष्य घालवलेल्या आजोबांना सोल्डरिंग नवे नसते. एका फळीवर रूळ बसतात, पुठ्ठ्याची घरे उभी राहतात. चूक होते ती पुढे. दिव्यांच्या तारा थेट रुळांनाच जोडल्या जातात. गाडी मंदावली की दिवे मंदावतात, गाडी थांबली की गाव अंधारात जाते, आणि एकाच यंत्रावर सारा भार पडतो.

यावर उपाय सोपा आहे. गाडीचा पुरवठा रुळांपुरता ठेवावा आणि दिव्यांसाठी 12 व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर घ्यावा. तो बंदिस्त व प्रमाणित असावा. 230 व्होल्टची घरगुती वीज भिंतीवरील सॉकेटपाशीच थांबावी. फळीखाली तिचा उघडा सांधा कदापि नसावा. रुळांचे सांधे बदलणाऱ्या विद्युत् गुंडाळ्या क्षणभर बराच प्रवाह ओढतात, म्हणून त्यांचीही व्यवस्था वेगळी ठेवणे इष्ट.

त्यानंतर हिशेब येतो. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. उरलेले 9 व्होल्ट रोधकाने सोसावयाचे. प्रत्येक दिव्याला 1,000 ओहमचा रोधक जोडल्यास सुमारे 9 मिलिअँपियर प्रवाह वाहतो. असे 40 दिवे लावले, तर एकूण 360 मिलिअँपियर, म्हणजे जेमतेम साडेचार वॉट. 1 अँपियरचा अडॅप्टर त्यास पुरून उरतो. याउलट, प्रत्येकी 50 मिलिअँपियर घेणारे तेवढेच जुन्या धाटणीचे बल्ब 2 अँपियर मागतात, आणि त्यांच्या उष्णतेने प्लास्टिकचे छत वाकते.

‘बारा व्होल्टने काय होणार?’ हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. एवढ्या दाबाने कोरड्या हाताला झटका बसत नाही, हे खरे. परंतु आगीचा संबंध झटक्याशी नसून प्रवाहाशी असतो. 5 अँपियरचा अडॅप्टर 60 वॉटपर्यंत शक्ती देऊ शकतो. केसासारख्या बारीक तारेचे दोन पदर एकमेकांना चिकटले, तर ती सारी शक्ती तेथेच तापू लागते, आणि भोवती असतो पुठ्ठा, भुसा, रंगवलेला कापूस. म्हणून गरजेपेक्षा फार मोठा अडॅप्टर घेऊ नये, दिव्यांचे तीन-चार गट पाडावेत आणि प्रत्येक गटाच्या आरंभी अर्ध्या अँपियरचा फ्यूज बसवावा. फ्यूज गेला तर एक गल्ली अंधारते, घर वाचते. प्रत्येक सांधा सोल्डर करून त्यावर आवरणाची नळी चढवावी. धन आणि ऋण तारांचे रंग आरंभापासून अखेरपर्यंत तेच राखावेत. खेळ संपताच भिंतीवरील बटण बंद करावे.

जैन आचारात वस्तू उचलताना व ठेवताना बाळगावयाच्या सावधपणाला आदान-निक्षेपण समिती म्हटले आहे. हे व्रत साधूंचे असले, तरी त्यामागील यत्नाचार श्रावकाच्या घरातही शोभतो. अग्नीतही जीव मानणाऱ्या परंपरेला निष्काळजीपणाने लागलेली आग केवळ मालमत्तेची हानी वाटत नाही. तारेवर नळी चढवणे, फ्यूज मोजून निवडणे, अनावश्यक दिवा न लावणे, ही यत्नाचाराचीच घरगुती रूपे होत.

दीपावलीत, भगवान महावीरांच्या निर्वाणोत्सवानिमित्त, अनेक ठिकाणी देखावे सजतात. त्यांनाही हेच नियम लागू आहेत. आणि नातवाने फ्यूज का बसवायचा असे विचारले, तर आजोबांनी घाईने उत्तर देऊन मोकळे होऊ नये. कागद-पेन्सिल घेऊन 9 ला 1,000 ने भागायला त्यालाच सांगावे. दिवा लावण्याआधी हिशेब करण्याची सवय त्याला लागली, तर ती फळी मोडीत निघाल्यावरही त्याच्यापाशी उरेल.