विमानातलं 'डायबेटिक' जेवण

जेवणाआधीचं इन्सुलिन टोचलं की अर्ध्या तासात पोटात अन्न हवं. मागे विमानात ट्रॉली दिसली म्हणून टोचून घेतलं, तेवढ्यात हवा बिघडली नि ट्रॉली परत! पाऊण तास. घाम फुटला, हात थरथरले, हिने पर्समधली साखर भरवली. मग आलं ते आधी सांगून ठेवलेलं खास 'डायबेटिक' जेवण: पांढरा भात नि मैद्याचा पाव. अहो, गोड नाही म्हणजे मधुमेह्यासाठी झालं का? भाताचीही शेवटी साखरच होते, हे आमच्या शाळेतल्या पोरांना ठाऊक असे.

आमच्या भाईंदरच्या जैन शेजाऱ्यांना विमानात कांदा-लसणाविना जेवण चोख मिळतं. मिळायलाच हवं. त्यांच्यासाठी 'व्हीजेएमएल' आणि आमच्यासाठी 'डीबीएमएल', कोड दोघांनाही आहे. मग काळजी एकालाच का?

मंडळी, ताट हातात येईपर्यंत सुई काढू नका. आम्ही तर आता भाकरी नि सुकी भाजी घरूनच नेतो.