वल्हे साऱ्या कुटुंबाच्या हाती असावे

सुटीच्या दिवसांत देशावरून तळकोकणात उतरणारे मराठी कुटुंब पाण्याशी जे नाते जोडते, ते बहुधा प्रेक्षकाचे नाहीतर उतारूचे असते; मुले गुडघाभर पाण्यात खेळतात, वडील दुसऱ्याने हाकलेल्या मोटारबोटीतून एक फेरी मारून येतात, आणि आई पुळणीवर सर्वांच्या चपला व पिशव्या राखीत बसते. ज्या मुलखाच्या जलदुर्गांचा आपण अभिमानाने उच्चार करतो, त्याच मुलखातील सुशिक्षित माणसास भरती केव्हा लागते आणि ओहोटीचे पाणी कोणीकडे ओढते याची वार्ताही नसावी, ही गोष्ट मला अत्यंत चिंताजनक वाटते. कारण १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेली पुण्याची महाविद्यालयीन मुले बुडाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली, परंतु पाण्याचे शिक्षण घरोघर पोहोचविण्याची तजवीज मात्र झाली नाही.

या शिक्षणाचा आरंभ सहकुटुंब करावयाचा, तर गोव्यात रुळलेल्या आणि कोकणातही येऊ लागलेल्या पॅडल बोर्डिंगसारखे सोपे साधन नाही, असे माझे मत आहे. सुमारे १० ते ११ फूट लांबीची रुंद फळी आणि तिच्यावर उभ्या राहणाऱ्याच्या डोक्याहून वीतभर उंच असे एक वल्हे, एवढाच त्याचा सरंजाम. इंजिन नाही, धूर नाही, गोंगाट नाही. प्रथम फळीच्या मध्यावर गुडघे टेकून वल्हवावे, फळीला थोडी गती आली म्हणजे पावले खांद्यांइतकी फाकवून, गुडघे किंचित वाकवून उठावे, आणि दृष्टी पायांकडे न लावता समोरच्या काठावर ठेवावी. तोल जातोसे वाटले, तर फळीला कवटाळण्याचा मोह सोडून बाजूच्या पाण्यात पडावे. ठेंगण्या, हलक्या अंगाची मुले हे सारे वडिलांच्या आधी साधतात, आणि घरात ज्याचा शब्द अखेरचा, त्याला आपल्याच लेकीकडून पाऊल कोठे ठेवावे ते विचारावे लागते. हा अनुभव उभयतांना हितकारक आहे. जिला उभे राहण्याचे धैर्य होत नाही, त्या आईलाही गुडघ्यांवर किंवा मांडी घालून खाडीचा काठ वल्हवीत पाहता येतो. तेव्हा पिशव्या राखण्याचे काम तिच्याकडून काढून घेणे हे कुटुंबाचे पहिले कर्तव्य होय.

या क्रीडेचा इतिहासही बोधप्रद आहे. हवाई बेटांतील वाइकिकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास लाटांवर स्वार होण्याची विद्या शिकविणारे स्थानिक लोक फळीवर उभे राहून वल्हे मारीत, ते उंचावरून शिकाऊंवर नजर राहावी आणि येणारी लाट आधी दिसावी म्हणून. नवशिक्याची राखण हाच ज्या क्रीडेचा मूळ हेतू, ती राखणदारावाचून नवशिक्यांच्या हाती सोपविणे गैर आहे.

कारण शांत दिसणारी खाडीही नियम पाळते. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि उभ्या माणसाचे अंग शिडासारखे धरून फळी नकळत बाहेर नेतो. दुपारचा खारा वारा पाणी खवळवितो. देवबागेस कर्ली नदी समुद्राला मिळते अशा संगमावर ओहोटीची ओढ वल्ह्याला दाद देत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर मापाचे जीवरक्षक जाकीट हवेच. फळीला जोडणारी दोरीही हवी, आणि जेथे पाणी वाहते व दोरी जाळ्यांत, खुंटांत किंवा कांदळाच्या मुळांत अडकण्याचा संभव असतो, तेथे ती घोट्याला न बांधता कमरेच्या एका झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याला बांधावी. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून माणसे दगावली, त्याचे स्मरण ठेवले तर हे नियम कोणासही जाचक वाटू नयेत.

वाऱ्याचे आणि पाण्याचे हे ज्ञान पुस्तकात शोधावयास नको. ते गाबीत आणि कोळी वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. महाराष्ट्र सागरी मंडळाने जलक्रीडेचा परवाना देताना, शिक्षक म्हणून याच वस्त्यांतील तरुण-तरुणींना प्रथमोपचार व जीवरक्षणाचे रीतसर शिक्षण देऊन नेमावे, ही अट घालावी. प्रत्येक ठिकाणी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत फळ्यावर लिहिल्या जाव्यात, आणि मुलांच्या मापाची जाकिटे नसतील तेथे परवाना तहकूब व्हावा. पर्यटकांनीही मोटारबोटीच्या एका फेरीऐवजी सकाळचा एक निवांत प्रहर, पाणी चढते असताना, अशा शिक्षकाच्या हाताखाली घालवावा. त्याला दिलेले मोल हे करमणुकीचे नसून विद्येचे आहे, आणि ती विद्या घेऊन परतलेले मूल पुढे कोणत्याही किनाऱ्यावर पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी भरतीची वेळ विचारील, एवढे जरी साधले तरी त्या सहलीचे सार्थक झाले.