चेहरा ओळखीचा, माणूस कोण?

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या एका न्यायालयात फेब्रुवारी २०२१ मध्ये झूमवरून सुनावणी सुरू होती. पडद्यावर एका वकिलाऐवजी मांजराचे पिल्लू दिसू लागले आणि आपण मांजर नसल्याचा खुलासा त्यांना न्यायाधीशांपुढे करावा लागला. जग हसले, पण त्यातील इशारा गंभीर होता.

अशी सॉफ्टवेअर वेबकॅमचे चित्र घेतात, तत्क्षणी त्यात बदल करतात आणि 'आभासी कॅमेऱ्या'द्वारे पुढे पाठवितात. व्हिडिओ कॉलच्या यंत्रणेला तो खराच कॅमेरा वाटतो. 'ओबीएस स्टुडिओ' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०२० पासून आहे. २०२४ मध्ये गाजलेल्या 'डीप-लाइव्ह-कॅम'ला तर दुसऱ्याचा चेहरा धारण करण्यास एकच छायाचित्र पुरते.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओद्वारे ग्राहकाची ओळख पटविण्यास परवानगी दिली. मात्र समोर खरीच व्यक्ती आहे, याची तपासणी बँकांवर बंधनकारक आहे. सामान्य नागरिकाजवळ अशी यंत्रणा नाही. त्यामुळे पडद्यावरील परिचित चेहरा पैसे मागू लागल्यास कॉल बंद करून त्या व्यक्तीच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करणे, हाच तूर्त भरवशाचा उपाय आहे.