पॅच तपासणे हेही विज्ञानच

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. अभिमान रास्तच आहे. परंतु या यंत्रांवर लिनक्स चालते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येकावर तेच चालते. त्या लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, पॅच तपासणाऱ्याचे श्रम आपल्या विज्ञानव्यवस्थेच्या हिशेबात कुठे बसतात?

हे काम किरकोळ मानणाऱ्यांनी एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. मोजमाप सुरू असताना कुणीतरी उपकरणाची यूएसबी केबल उपटते. ड्रायव्हरचे ‘डिस्कनेक्ट’ फंक्शन धावते आणि उपकरणासाठी घेतलेली मेमरी मोकळी करते. मात्र मोजमापाच्या प्रोग्रॅमने फाइल उघडीच ठेवलेली असते आणि ड्रायव्हरचे एखादे काम अजून रांगेत असते. ते क्षणभराने जागे होते व आता दुसऱ्याच कुणाच्या झालेल्या मेमरीत लिहिते. कधी संगणक गोठतो. त्याहून वाईट म्हणजे कधी गोठत नाही; डेटा मात्र निमूटपणे बिघडतो. पीसीआय एक्स्प्रेस कार्डाची कथा निराळी. कार्ड निघाल्यावर त्याचे रजिस्टर वाचले, तर सहसा सर्व बिट १ येतात. ‘व्यग्र’ बिट ० होण्याची वाट पाहणारे, कालमर्यादा नसलेले लूप मग संपतच नाही.

अशा चुका चाचणीत क्वचितच सापडतात, कारण केबल नेमक्या त्याच क्षणी निघावी लागते. त्या शोधण्यासाठी कोड वाचावा लागतो: रांगेतले काम आधी रद्द केले का? शेवटचा वापरकर्ता जाईपर्यंत मेमरी राखली का?

‘आम्ही वैज्ञानिक, मेकॅनिक नव्हे,’ असे यावर ऐकवले जाते. मापनातील त्रुटी मोजणे हे विज्ञान असेल, तर त्रुटी जिथे जन्मते तो कोड वाचणे हलके कसे? शोधनिबंधाचे परीक्षण बहुधा निनावी असते, तरी त्याला मान आहे. कर्नलच्या इतिहासात ‘रिव्ह्यूड-बाय’ या शब्दांपुढे परीक्षकाचे नाव उघड आणि कायमचे राहते. नियुक्ती व बढतीच्या वेळी ती नोंद मोजलीच पाहिजे.

विद्यार्थ्यांनी धोरणाची वाट पाहू नये. आपल्या प्रयोगशाळेतील उपकरणाचा ड्रायव्हर उघडावा आणि वाचन ‘डिस्कनेक्ट’पासून सुरू करावे.